पेशंटला बाहेर बाकावर बसवून आत निर्णय घेऊ नका

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे काही आठवडे झोप नाही, नुसती बडबड आणि पैशाची उधळण, आणि मग काही महिने अंथरुणातून उठायचं नाव नाही. पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं तेव्हा केबिनमध्ये आम्ही पाच जण घुसलो. आई, वडील, मी, अक्कलकोटची मावशी आणि मावशीचा मुलगा, तो का तर गाडी त्याची होती. भाऊ बाहेर बाकावर. आत आम्ही सगळं ठरवून आलो, कुठली गोळी, किती दिवस, नोकरी सोडायची, फोन काढून घ्यायचा, आणि त्याला गाडीत सांगितलं की "डॉक्टरांनी सांगितलंय". तेवीस दिवस गोळ्या घेतल्या त्यानं. चोविसाव्या दिवशी सगळ्या पट्ट्या मोरीत. आम्ही म्हणालो आजारच तसला आहे, त्याला काय कळतंय. आता बारा वर्षांनी वाटतं आजार तर होताच, पण त्या बाकाचाही हात होता त्यात.

तर आमच्या सोलापूरकडं ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, वकील नाही, डोस मला विचारू नका. घरच्यांनी उपचारात पडायचं का? पडायचंच, आपल्याकडं दुसरं आहे कोण, औषधाचे पैसे, रात्रीचं जागरण, सिव्हिलची लाईन सगळं घरचेच बघतात. आणि आपल्या देशात मोठमोठ्या डॉक्टरांनीही हे ओळखलेलं होतं, १९५० च्या दशकात अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या घरच्यांना आवारात तंबूत सोबत राहायला लावलं होतं, पुढं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनंही घरच्यांना सोबत ठेवायची पद्धत धरली. फक्त पडायचं कसं एवढंच शिकायला आम्हाला फार वर्षं लागली.

आधी घरातून एक माणूस ठरवा

डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस. दुसरा सोबतीला असू दे, पण बोलणारा एक. आमच्याकडं सुरवातीला काका एक सांगायचे, मावशी एक, आई रडायची, आणि डॉक्टर बिचारे कोणाकडं बघून बोलायचं ते शोधायचे. हा माणूस घरातला सगळ्यात मोठा असला पाहिजे असं काही नाही, सगळ्यात जास्त पैसे देणारा तर अजिबातच नाही. पेशंटचा ज्याच्यावर भरवसा आहे तो. आणि हे पेशंटलाच विचारा, तो बरा असताना, "डॉक्टरांकडं तुझ्यासोबत कोण आलेलं चालेल?" माझ्या भावानं वडिलांचं नाव घेतलं नाही, वडिलांना ते लई लागलं, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. पण त्यांनीच लहानपणापासनं त्याला शाळेच्या मार्कांवरनं धारेवर धरलेलं, तो त्यांच्यासमोर तोंड उघडत नव्हता, मग केबिनमध्ये काय उघडणार.

बाकीच्यांना काम द्या की. वडिलांकडं औषधं आणायचं आणि बिलं जपायचं काम दिलं, ते त्यांनी गिरणीतल्या हजेरीसारखं चोख केलं. काकांना काहीच दिलं नाही, ते फॅमिली ग्रुपवर आयुर्वेदाचे व्हिडिओ टाकतात. टाकू दे. ग्रुपवर मात्र आजाराची चर्चा करू नका, त्यात तोही असतो आणि नसला तरी कोणीतरी स्क्रीनशॉट दाखवतंच.

जायच्या आधी वहीत लिहा

सरकारी ओपीडीत पेशंट इतके असतात की तुम्हाला मिळणार मोजकी मिनिटं, खाजगीतही फार वेगळं नसतं. तेवढ्यात "हा कसा तरीच करतो हो" हे सांगून काही हाती लागत नाही. वही करा, साधी शंभर पानी. त्यात रोज दोन ओळी, किती वाजता झोपला किती वाजता उठला, जेवला का, गोळी घेतली का, पैसे किती गेले, काही वेगळं बोलला तर त्याचे शब्द जसेच्या तसे. मत लिहू नका. "आळशी झालाय" हे मत, "आठ दिवस आंघोळ नाही, दुपारी दोनला उठतो" ही माहिती. आमच्या वहीत एका जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, असं आहे: "तीन रात्री मिळून पाच तास झोप. गड्ड्यावरनं अकरा हजाराची खेळणी घेऊन आला, वाटेत पोरांना वाटली. नंदीध्वज मीच उचलणार म्हणाला." (नंदीध्वज म्हणजे त्या जत्रेच्या मिरवणुकीतली उंच, जड काठी.) हे वाचून डॉक्टरांना दुसरं काही विचारावंच लागलं नाही.

आता महत्त्वाचं, ही वही लपवून ठेवायची नाही. मी वर्षभर ती गॅसच्या टाकीमागं ठेवायचे, एकदा त्यानं बघितलं, "ताई, काय लिवलालीस गं माझ्यावर, पोलिस हाईस का?" म्हणाला. खरंच होतं ते. तेव्हापासनं वही टीव्हीखाली उघड्यावर असते, तोही लिहितो, कधीकधी माझ्या खाली लिहितो "खोटं आहे, सहा तास झोपलो". तोही कागद डॉक्टरांना दाखवतो, दोघांचं वेगळं असलं तरी त्यातनंच त्यांना कळतं.

निघताना रिक्षातच त्याला सांगा मी आत काय सांगणार आहे. पाठीमागं बोलल्यासारखं होत नाही. सिव्हिलला म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जात असाल तर सकाळी लवकर जा, केसपेपर काढायलाच वेळ जातो, आणि जुने सगळे कागद एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून न्या, कारण दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असं नाही.

केबिनमध्ये

पहिल्यांदा तो बोलेल. दोन मिनिटं गप्प बसायला जमत नाही आपल्याला, मला तर अजून नाही जमत, पर्स घट्ट धरून बसते. मग तुम्ही बोला, त्याच्यासमोर, "तो"ऐवजी त्याचं नाव घेऊन. मग डॉक्टरांना सांगा की याच्याशी एकट्याशी थोडं बोला, आम्ही बाहेर थांबतो. आपल्यासमोर न सांगता येणाऱ्या गोष्टी असतात, लग्नाच्या, शरीराच्या, मरायच्या विचारांच्या, कधी घरातल्याच कोणाच्या त्रासाच्या. त्या बाकावर आता आम्ही बसतो.

मग प्रश्न विचारायचे, आणि ते लिहून नेलेले असले तर डॉक्टर चिडत नाहीत, निदान चांगले तरी चिडत नाहीत. आजाराचं नाव काय. ही गोळी कशासाठी. गुण यायला किती दिवस, कारण डिप्रेशनच्या गोळ्यांना दोन ते सहा आठवडे लागतात आणि आपण आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करतो. त्रास काय होऊ शकतो, त्यातला कुठला सहन करायचा आणि कुठला झाला तर लगेच फोन करायचा. दुसरा पर्याय काय आहे. चुकून एक दिवस राहिली तर काय करायचं. शेवटचा प्रश्न पेशंटनं विचारायचा, तुम्ही नाही, की "मला हे घ्यायचं नसलं तर काय होईल?" आमच्याकडं हा प्रश्न त्यानं विचारला त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टर त्याच्याकडं खुर्ची वळवून बोलले.

पर्याय असतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. रोज गोळी विसरणाऱ्याला काही औषधांचं दोन आठवड्यांनी किंवा महिन्यानं घ्यायचं इंजेक्शन मिळतं. एका गोळीनं वजन आणि शुगर वाढत असेल तर दुसरी बघता येते. एखाद्या औषधानं पाळी थांबते आणि घरात भलतेच संशय घेतले जातात, ते डॉक्टरांना विचारा, पोरीला नाही. आणि घरात मूल होण्याच्या वयाची मुलगी किंवा सून पेशंट असेल तर व्हॅलप्रोएट हे बायपोलरवर देतात ते औषध लिहून दिलंय का ते बघा आणि तिच्यासमोर, तिच्याच तोंडून विचारलं जाऊ दे, कारण गरोदरपणात ते बाळाला घातक ठरू शकतं. हा निर्णय सासू आणि डॉक्टर मिळून घेतात असं मी डोळ्यांनी बघितलंय, ती बाजूला बसून ओढणीचं टोक चावत होती.

लिथियम आणि आपला उन्हाळा

हे खास सोलापूरकरांसाठी. भावाला लिथियम चालू आहे. बायपोलरवर जुनं आणि चांगलं औषध, पण रक्तात त्याचं प्रमाण जेवढ्यास तेवढं लागतं, कमी झालं तर गुण नाही आणि जास्त झालं तर विष. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते रक्तात चढतं. आता एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीस, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, आणि माणूस एमआयडीसीत पत्र्याखाली टॉवेलच्या लूमवर उभा. तर हा घरच्यांनी बघायचा भाग. पाणी सारखं, जेवणात मीठ नेहमीएवढंच, एकदम कमी करायचं नाही, जुलाब-उलटी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधनं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देऊ नका, त्यानंही लिथियम चढतं. हात नेहमीपेक्षा जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जातोय, जीभ जड झाली, तर वाट न बघता दवाखाना. रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायची असते, म्हणजे रात्रीची गोळी घेऊन सकाळी, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. सोबत थायरॉईड आणि किडनीची पण करतात. आम्ही एक तपासणी मार्चमध्येच उरकतो, ऊन चढायच्या आत.

आषाढीला आई निर्जळी करते, भावानंही धरली एका वर्षी. तेव्हा भांडण न करता डॉक्टरांनाच विचारायला लावलं त्याला, त्यांनी सांगितलं पाण्याशिवाय उपास नको. साबुदाणा खातो आता. रोजे धरणाऱ्यांनीही हे आधीच विचारून घ्यावं.

वरणात गोळी कालवायची का

याबद्दल उघड कोणी बोलत नाही आणि करतात निम्मी घरं. आम्हीपण केलं. आई चुरा करून ताकात घालायची. दीड महिना झोप सुधारली, सगळे खूश. मग एक दिवस त्याला ग्लासच्या तळाशी पांढरं दिसलं. त्यानंतर आठ महिने तो आईच्या हातचं जेवला नाही, सात रस्ता चौकातनं वडापाव आणून खायचा. ज्याला आधीच वाटत असतं की लोक आपल्या अन्नात काहीतरी घालतात, त्याला आपण ते खरं करून दाखवलं. आणि त्यानं बाहेर दुसऱ्या आजारासाठी औषध घेतलं असतं तर त्या डॉक्टरांना याच्या पोटात काय आहे ते कसं कळणार. शिवाय काही गोळ्या चुरायच्याच नसतात.

मी कोणाला नावं ठेवत नाही, रात्री दोनला मुलगा गच्चीच्या कठड्यावर उभा असतो तेव्हा आईला पुस्तकातलं काही सुचत नाही. पण करायच्या आधी हे करून बघा. तो नको का म्हणतो ते विचारा, रागानं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं. माझ्या भावाचं कारण निघालं हात थरथरायचे आणि चहाचा कप धरता यायचा नाही, मित्रांसमोर लाज वाटायची. तेवढ्यावर डोस कमी करून भागलं. कोणाला दिवसा झोप येते, तर वेळ बदलता येते. कोणाला नवरा-बायकोतलं काही होत नाही आणि ते सांगायला तोंड नसतं. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर सुटण्यासारखं आहे. आणि नाहीच सुटलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की घरी चोरून देतोय किंवा द्यायचा विचार चाललाय, निदान त्यांना तरी खरं माहीत असू दे.

डॉक्टर आम्हाला काही सांगत नाहीत

ही तक्रार खूप ऐकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे, २०१८ पासून लागू झाला, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. मोठ्या माणसानं "घरी सांगू नका" म्हटलं तर डॉक्टर सरसकट सगळं सांगणार नाहीत. पण जिवाला धोका असेल तेव्हा सांगायची मुभा आहे, आणि पेशंटनं नेमलेल्या माणसाला उपचारासाठी लागणारी माहिती मिळू शकते. आणि तुम्ही डॉक्टरांना काही सांगायला तर कधीच बंदी नाही. ते तुम्हाला उत्तर देणार नाहीत कदाचित, पण ऐकू शकतात. चिठ्ठी लिहून द्या, आणि जमलं तर पेशंटला सांगून द्या.

बरा असताना दोन कागद करून ठेवा

मला विचाराल तर या सगळ्यात हेच सगळ्यात कामाचं आहे आणि हेच कोणी करत नाही.

पहिला कागद, नामनिर्देशित प्रतिनिधी. नाव सरकारी आहे पण काम सोपं, साध्या कागदावर पेशंटनं लिहायचं की माझ्या उपचाराच्या बाबतीत अमुक माणूस माझ्या बाजूनं बोलेल, खाली सही किंवा अंगठा. तो माणूस अठरा वर्षांवरचा पाहिजे आणि त्यानंही लेखी हो म्हटलं पाहिजे. नातेवाईकच पाहिजे असं नाही, मित्र चालतो. पेशंटला वाटेल तेव्हा तो बदलता येतो. कागद केलाच नाही तर कायद्यात क्रम ठरलेला आहे, नातेवाईक, मग काळजी घेणारा, असं पुढं. आणि मग कुठला नातेवाईक यावरनं दवाखान्याच्या दारात काका आणि वडील भांडतात, बघितलंय. प्रतिनिधीनं करायचं काय तर पेशंटची इच्छा काय आहे, आधी काय सांगून ठेवलंय, त्याच्या भल्याचं काय, ते धरून बोलायचं. स्वतःची सोय बघायची नाही.

दुसरा कागद, आगाऊ निर्देश. म्हणजे पुढं कधी मला कळेनासं झालं तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका हे आधीच लिहून ठेवायचं. मंडळाकडं, म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं, त्याची नोंद ठेवायची सोय कायद्यात आहे, त्याचा नमुना आणि रीत मानसोपचार विभागातल्या समाजसेवकांना विचारा. तातडीच्या उपचाराला मात्र हा कागद आडवा येत नाही. भावानं त्यात लिहिलंय की अमुक गोळीनं माझी मान अकडली होती ती नको, दाखल करायची वेळ आली तर ताईला आधी सांगा, माझ्या बायकोच्या माहेरी कोणी फोन करायचा नाही, आणि शॉक द्यायची वेळ आली तर मला चालेल पण भूल देऊन. भूल न देता शॉक द्यायला तशीही कायद्यानं बंदी आहे. हे वाक्य त्याच्याकडनं आलं आणि आम्ही सगळे थक्क, कारण शॉकचं नाव काढलं की आई घर डोक्यावर घ्यायची. आम्ही परस्पर "शॉक नको" ठरवून टाकलेलं, आणि त्याला विचारलं तर त्याचं मत वेगळंच.

ऐकतच नाही तेव्हा

जबरदस्तीचा प्रश्न प्रत्येक घरात एकदा तरी येतो. आधी एक लक्षात घ्या, त्याचा निर्णय तुम्हाला चुकीचा वाटतो म्हणून त्याला निर्णय घेता येत नाही असं होत नाही, कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. बघायचं असतं की त्याला दिलेली माहिती समजतेय का, घेतलं-न घेतल्यानं काय होईल ते कळतंय का, आणि बोलून, लिहून, खुणेनं सांगता येतंय का. हे आज नसेल तर पुढच्या आठवड्यात असू शकतं. म्हणून एकदा "याला कळत नाही" ठरलं की जन्मभर ठरलं असं करू नका, आमच्या काकांनी केलंय तसं.

पण खरंच वेळ आली, म्हणजे त्यानं नुकतंच स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलाय किंवा धमकी दिलीय, दुसऱ्यावर हात उगारतोय, किंवा स्वतःचं खाणंपिणं बघता येत नाही इतका गेलाय, आणि त्याला मदतीशिवाय निर्णय घेता येत नाही, तर प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं. त्याच कायद्याचं कलम ८९. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. जास्तीत जास्त तीस दिवस. दवाखान्यानं मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन पेशंट असेल तर तीन दिवसांत. तीस दिवसांच्या पुढं ठेवायचं असेल तर कलम ९० खाली वेगळी तपासणी आणि मंडळाची मान्यता लागते. म्हणजे पूर्वीसारखं येरवड्याच्या मनोरुग्णालयात "सोडून यायचं" असं आता नाही. दाखल करून आलात तरी प्रतिनिधीचं काम संपत नाही, भेटायला जायचं, उपचार काय चाललेत विचारायचं, घरी सोडायच्या आधी पुढं काय करायचं ते डॉक्टर, तो आणि तुम्ही मिळून ठरवायचं.

फार तातडी असेल तर मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसला तरी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं, बहात्तर तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. हे बार्शी, करमाळा, सांगोल्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवा, सोलापूरला आणेपर्यंत थांबायची गरज नाही. त्यात शॉक मात्र देता येत नाही.

न्यायचं कसं हे विचारतात. फसवून नेऊ नका, "लग्नाला चाललोय" म्हणून दवाखान्यात उतरवलेला माणूस पुढं तुमच्या कुठल्याच गाडीत बसत नाही. दोघांनीच बोला, गर्दी करू नका, शेजाऱ्यांना हात धरायला बोलावू नका. खरं ते सांगा, "तू चार रात्री झोपला नाहीस, मला भीती वाटतेय, आपण जाऊन येऊ." हातात काही असेल, अंगावर येत असेल, तर ११२. मरायचं बोलत असेल तर एकटं सोडायचं नाही, आणि शेतावरच्या घरात असाल तर फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा, गोळ्यांचा साठाही कुलपात. "खरंच मरावंसं वाटतंय का" असं थेट विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवीन विचार शिरत नाही. रात्रीअपरात्री बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, आणि घरच्यांनीही फोन केला तर चालतो. मी केलाय, बाथरूममधनं, नळ सोडून.

साखळी, कोंडून ठेवणं, हे कधीच करायचं नाही. साखळीनं बांधायला या कायद्यात बंदी आहेच, आणि ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवायच्या एका खाजगी जागेला आग लागली तेव्हा बांधून ठेवलेले पेशंट पळू शकले नाहीत, २८ जण गेले.

देवाचं

मावशी त्याला अक्कलकोटला नेते. आधी मी भांडायचे. आता विचार करते की स्वामींच्या मठात तो तासभर शांत बसतो, प्रसादाला जेवतो, लोक त्याला "काय मालक" म्हणून बोलावतात, यात माझं काय जातं. अट एकच, गोळी बंद करायची नाही आणि मारहाण, धूर, उपाशी ठेवणं असलं काही करणाऱ्याकडं न्यायचं नाही. मावशीला एकदा डॉक्टरांकडं सोबत नेलं, तिनंच विचारलं "देवाचं केलेलं चालेल ना?" डॉक्टर म्हणाले चालेल की, गोळी खाऊन जावा. तेव्हापासनं मठात जाताना डबी तीच पिशवीत घालते.

"लग्न केलं की सुधारेल" याला मात्र मी अजूनही भांडते. लग्न हा काही उपचार नाही. करायचं असेल तर त्यानं ठरवायचं, आणि समोरच्यांना सांगून. आमच्या वहिनीला सगळं माहीत होतं, ती आधी डॉक्टरांना एकटी भेटून आली होती.

घरातलं बोलणं

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकानं १९५० च्या दशकात बघितलं की दवाखान्यातनं सुटून काही पेशंट घरी गेल्यावर परत लवकर आजारी पडतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं की ज्या घरात सतत टोचून बोलणं, राग, किंवा उलट अति जीव टाकणं असतं तिथं आजार उलटायचं प्रमाण जास्त. चंदीगडलाही नंतर असा अभ्यास झाला, तिथं टोचून बोलणारी घरं लंडनपेक्षा कमी निघाली. कमी म्हणजे नाहीत असं नाही, आमचं एक होतं. म्हणजे "गोळी खाल्लीस का" हे दिवसातनं नऊ वेळा विचारणं पण त्यातच आलं बरं का. आम्ही ठरवलं, एकदाच विचारायचं, रात्री जेवताना, आणि फक्त मीच किंवा वहिनीनं. बाकी वेळ त्याच्याशी मॅच, पाऊस, चादरीचे भाव, कशावरही बोला.

पैशाचं आणि कागदाचं थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार धरलेला आहे, चाळीस टक्के किंवा वर निघालं तर बऱ्याच योजनांना पात्र होतो, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या कार्डासाठी ऑनलाईन अर्ज करून सिव्हिलला तपासणी होते. पण कार्ड काढायचं का हे त्याला विचारून, काहींना तो शिक्का नको असतो. विमा असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं शरीराच्या आजारासारखाच मानसिक आजारालाही द्यावा लागतो, एजंट नाही म्हणाला तर लेखी मागा. आणि घर किंवा पासबुकावर त्याची सही "याला काय कळतंय" म्हणून परस्पर घेऊ नका, उपचाराचा प्रतिनिधी म्हणजे मालमत्तेचा मालक होत नाही.

पुण्याकडं, ठाण्याकडं स्वमदत गटांत पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला आधी हे जरा जास्तच गोड वाटलं होतं. पण एकदा अशा गटात जाऊन बसले, तिथं एक आजोबा म्हणाले मी अठ्ठावीस वर्षं बायकोचा शुभंकर आहे आणि गेल्या महिन्यात मला स्वतःला बीपीची गोळी सुरू झाली. सांभाळणाऱ्यानंही महिन्यातनं एकदा कुणाशी तरी बोलावं, नाहीतर तोंडातनं जे बाहेर पडतं ते घरातल्यावरच पडतं.

त्या दोन कागदांच्या चार-चार झेरॉक्स काढा. एक डॉक्टरांच्या फाईलला, एक प्रतिनिधीकडं, एक वहीत, आणि एक पेशंटच्या स्वतःच्या पाकिटात. फोनमध्ये फोटो काढून ठेवा. दर वर्षी एकदा काढून वाचा आणि त्याला विचारा काही बदलायचंय का, आमच्याकडं संक्रांतीनंतरच्या रविवारी वाचतो, कारण त्याचा आजार गड्ड्याच्या दिवसांतच उसळतो. यंदा त्यानं शेवटी एक ओळ वाढवली, "दवाखान्यात आलात तर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणा, तिथली चपाती खाववत नाही."